फीत, गोंडा आणि क्रोशाची सुई

पुण्याच्या बुधवार पेठेत दोन बाजार हाकेच्या अंतरावर आहेत. अप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तके, वह्या आणि कंपासपेट्या मिळतात. तुळशीबागेत बांगड्या, टिकल्या, चाप, आकडे आणि वेणीच्या फिती मिळतात. जून महिन्यात शाळा उघडण्याच्या सुमारास पुष्कळ कुटुंबे एकाच फेरीत हे दोन्ही बाजार उरकतात. मुलीच्या दप्तराची आणि मुलीच्या केसांची खरेदी अशी एकाच दिवशी होते. मुलींच्या दप्तराचा, म्हणजे स्त्रीशिक्षणाचा, इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे आणि तो योग्यच आहे. केसांच्या फितीचा इतिहास मात्र क्वचितच कोणी लिहायला घेतो.

अलीकडे क्रोशाने विणलेल्या केसांच्या पट्ट्या, फुले आणि झालरीचे रबर यांना पुन्हा दिवस आले आहेत. तेरा-चौदा वर्षांच्या मुली ते हौसेने घालतात. काही जणी स्वतः विणूही लागल्या आहेत. आमच्या धर्मग्रामातील आयाही या कामाकडे कौतुकाने पाहतात, तर काही जणी ‘अभ्यास सोडून हे काय?’ असेही विचारतात. या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ही कला कोणाच्या हातांतून आपल्यापर्यंत आली आणि मुलीच्या केसांचा प्रश्न आपल्या या शहरात किती गंभीर होता, हे पाहणे आम्हांला आवश्यक वाटते.

पेठ, पटवेकरी आणि पोर्तुगीज शब्द

बुधवार पेठ ही पुण्याच्या जुन्या पेठांपैकी एक होय. औरंगजेबाने १७०३ साली येथे वस्ती वसविली तेव्हा तिचे नाव मुहियाबाद असे होते. ‘बुधवार’ हे नाव पेशवाईत रूढ झाले. याच पेठेत नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ साली राममंदिराचे काम सुरू केले. तुळशीच्या बागेच्या जागी मंदिर उभे राहिले म्हणून ते तुळशीबागेचे राममंदिर आणि खिरे मंडळी तुळशीबागवाले झाली. देवदर्शनाला येणाऱ्या स्त्रिया परतताना चार वस्तू घेऊन जाव्यात, हा आपल्या देवस्थानांचा जुना परिपाठ. त्या परिपाठातून मंदिराभोवती बायकांचा बाजार भरू लागला आणि आज ‘तुळशीबाग’ म्हटले की पुष्कळांना देवळाच्या आधी दुकानेच आठवतात.

त्या काळी मराठी स्त्रीच्या केसांत काय असे? श्रीमंताघरी खोप्यावर राखडी, मूद, केतकी, चाक अशी सोन्याची फुले. सामान्य घरी खरी फुले. वेणीच्या टोकाला रेशमी किंवा सुती गोंडा मात्र गरीब-श्रीमंत दोघींकडे असे. हा गोंडा करणारा कारागीर म्हणजे पटवेकरी. दागिने रेशमात गाठवणे, गोफ विणणे आणि गोंडे बांधणे हा त्याचा व्यवसाय. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून तो ताणून धरायचा आणि दोन्ही हातांनी गाठी मारीत जायचे, अशी त्याची रीत. तेव्हा धाग्याचा दागिना आपल्याला नवीन नव्हता. परंतु तो बाजारातून, पुरुष कारागिराच्या हातून यायचा. घरातील मुलीने तो स्वतः करावा अशी पद्धत नव्हती.

याच पेशवाईत पुण्यात आपली ख्रिस्तसभाही रुजत होती. पेशव्यांच्या सैन्यात नोकरीला असलेल्या कॅथोलिक शिपायांसाठी सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत जागा मिळाली आणि १७९२ साली क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चचा पाया घातला गेला. पण पोर्तुगीजांशी असलेला मराठी मुलखाचा संबंध त्याहून कितीतरी जुना आहे आणि त्याची खूण मुलीच्या डोक्यावरच सापडते. आपण ज्या शब्दाला अस्सल मराठी समजतो तो ‘फीत’ हा शब्द पोर्तुगीज ‘फिता’वरून आला आहे. ‘आलपीन’ आली ‘आल्फिनेत’वरून. गुंडी अडकविण्याचे ‘काज’ आले ‘काझा’ या शब्दावरून. काझा म्हणजे घर, आणि काज म्हणजे गुंडीचे घर. वसई, चौल आणि गोव्याच्या किनाऱ्यावरून हे शब्द घाट चढले आणि मराठी घरांत इतके मुरले की त्यांचे परकेपण कोणाच्या ध्यानातही उरले नाही. शिवणाटिपणाच्या डब्यात संस्कृती अशी नकळत मिसळत असते.

दुष्काळातून वर आलेली कला

‘क्रोशा’ हा शब्द मात्र फ्रेंच आहे. ‘क्रो’ म्हणजे आकडा आणि ‘क्रोशे’ म्हणजे लहानसा आकडा. मराठीने त्याचा उच्चार जवळजवळ तसाच ठेवला. एका आकड्याने दोऱ्याचा फासा ओढायचा, त्या फाशातून दुसरा ओढायचा, एवढेच या कलेचे बीज. दोन सुयांवर विणलेले मोजे शेकडो वर्षांपूर्वीचे सापडतात. क्रोशाचा स्पष्ट पुरावा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून मिळू लागतो. इतकी सोपी युक्ती इतक्या उशिरा रूढ व्हावी याचे नवल वाटते.

या कलेला जगभर नेले ते हौसेने नव्हे, उपासमारीने. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढे कित्येक वर्षे तेथे भीषण दुष्काळ झाला. सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगराईने दगावली आणि तितकीच देश सोडून गेली. त्या काळात कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन भगिनींनी मुलींना आणि बायकांना क्रोशा शिकविला. मोनाहन परगण्यातील क्लोन्स या गावी १८४७ साली कॅसान्ड्रा हँड या अँग्लिकन धर्मगुरूंच्या पत्नीने हेच काम सुरू केले. संप्रदाय वेगळे होते, पण दारातली भूक एकच होती. एलेनॉर रीगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंनी क्रोशाच्या नमुन्यांची पुस्तके छापली आणि व्हेनिसच्या मौल्यवान सुईलेशीचा भास साध्या आकड्याने कसा साधता येईल हे दाखविले.

क्रोशाच का, याचे कारण व्यवहारी आहे. त्याला माग नको, चौकट नको. एक आकडा आणि एक रीळ पुरे. काम पदरात घेऊन कोठेही बसता येते आणि मूल रडले तर मध्येच ठेवताही येते. एका घरात फुले विणायची, दुसऱ्या घरात पाने, आणि तिसरीने ती जाळीवर जोडायची, अशी कामाची वाटणीही करता येते. सुईने जी लेस करायला महिने लागत, तिच्याजवळ जाणारे काम आकड्याने फार थोड्या दिवसांत होई. अनेक कुटुंबांनी त्या पैशावर दुष्काळ काढला, आणि परदेशी निघालेल्या मुलींच्या गाठोड्यातून ही कला पुढे गेली.

भारतात ती आली मिशनरी कुटुंबांबरोबर आणि धर्मभगिनींबरोबर. गोदावरीच्या खोऱ्यातील नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुजलेला क्रोशा-लेशीचा व्यवसाय आजही चालू आहे. पुण्याच्या दृष्टीने आपल्याला आठवण होते ती संत क्लॉदिन तेव्हने यांची. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९४ साली, त्यांच्या दोन भावांना देहान्त शासन झाले. त्या आघातातून सावरून त्यांनी लियोंच्या अनाथ मुलींना आसरा दिला आणि १८१८ साली ‘येशू-मरिया’ संघाचा पाया घातला. लियों हे रेशमाचे शहर. क्लॉदिन यांनी मुलींना प्रार्थनेबरोबर वाचन-लेखन आणि रेशमाचे काम शिकविले, कारण आश्रमाबाहेर पडल्यावर मुलीला स्वतःच्या हाताने पोट भरता यावे ही त्यांची दृष्टी होती. त्यांच्या भगिनी १८४२ साली भारतात आग्र्याला पोहोचल्या आणि पुढे पुण्याच्या लष्कर भागात त्यांचे कॉन्व्हेंट उभे राहिले. २१ मार्च १९९३ रोजी परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी क्लॉदिन यांना संतपद बहाल केले.

कुंपण आणि दार

आयर्लंडमध्ये दुष्काळ चालू असतानाच, १८४८ साली, बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली. त्या आधी अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव प्रभावित झाले होते, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडेच घेतले. भिडे वाड्याची जीर्ण झालेली वास्तू २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाडण्यात आली आणि ती जागा राष्ट्रीय स्मारकासाठी मोकळी करण्यात आली. तुळशीबागेत फीत घ्यायला जाणाऱ्या मुलीने वाट थोडी वाकडी करून ती जागा अवश्य पाहावी.

त्या काळच्या मुलींच्या शाळांत शिवण आणि विणकाम जवळजवळ सर्वत्र असे. याचे एक कारण असे की, मुलीला अक्षर शिकविण्यास विरोध करणारा बापही सुई शिकविण्यास सहसा विरोध करीत नसे. सुईच्या निमित्ताने मुलगी उंबऱ्याबाहेर पडे आणि एकदा शाळेत आली की पाटी तिच्या हाती येई. अशा रीतीने शिवणाचा तास हे अनेकींसाठी शाळेचे दार ठरले.

परंतु तोच तास कुंपणही होऊ शकत होता. १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींनी मुलींचे हायस्कूल काढले. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवरून त्याला आपण हुजूरपागा म्हणतो. तेथील अभ्यासक्रमावर, विशेषतः इंग्रजीवर, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांतून कडाडून टीका झाली. मुलींना संसाराला उपयोगी पडेल तेवढेच शिकवावे, असा टीकाकारांचा आग्रह होता. म्हणजे जी सुई एका शाळेत मुलीला आत घेत होती, तीच सुई ‘एवढे पुरे’ म्हणून तिला थांबवण्यासाठीही पुढे केली जात होती. दोष सुईचा नव्हता. सुईच्या शेजारी पुस्तक आहे की पुस्तकाच्या जागी सुई आहे, हा खरा प्रश्न होता आणि तो आजही तसाच आहे.

ज्या डोक्यांवर फीत नव्हती

मुलींच्या केसांचा इतिहास लिहिताना एक दुःखद प्रकरण गाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच एकोणिसाव्या शतकात, त्याच पेठांच्या वाड्यांत, ब्राह्मण आणि इतर काही वरिष्ठ जातींत विधवेचे केशवपन करण्याची रूढी होती. बालविवाहामुळे वैधव्य फार लवकर येई. आज ज्या वयात मुलगी निळे फूल घ्यावे की गुलाबी याचा विचार करीत आरशापुढे उभी राहते, त्या वयात कित्येक मुलींना न्हाव्यापुढे बसविले जाई. त्यानंतर तिच्या डोक्यावर लाल अलवणाचा पदर येई आणि फूल, फणी व आरसा ही जन्मभरासाठी संपत.

या रूढीविरुद्ध अनेकांनी आवाज उठविला. सर्वांत परिणामकारक आवाज होता तो ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांचा. १८९० साली मुंबईच्या नाभिक बांधवांनी सभा भरवून आपण विधवांचे केशवपन करणार नाही असा ठराव केला. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी आपले शारदा सदन मुंबईहून पुण्यास आणले. तेथे विधवांना केस राखण्याची मोकळीक होती, आणि शिक्षण व हातकाम या दोहोंची सोय होती. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या बालविधवेने १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांचेही वैधव्यानंतर केशवपन झाले होते. त्या कर्वे यांच्या आश्रमाच्या कार्यात आल्या, आणि प्रौढ वयात त्यांनी पुन्हा केस राखण्याचा निर्णय धैर्याने घेतला. आपली कहाणी त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे.

हे वाचल्यावर मुलीच्या केसांतील एका फितीकडे ‘नटवेपणा’ म्हणून पाहणे आम्हांला तरी जड जाते. केस विंचरावे, वेणी घालावी आणि तीत आपल्या आवडीचा रंग माळावा, हा अधिकार या शहरातील स्त्रियांनी लढून मिळविला आहे.

पवित्र ग्रंथ काय सांगतो?

येथे एखादा वाचक म्हणेल की, संत पौल आणि संत पेत्र यांनी केसांच्या थाटाविषयी कानउघाडणी केली आहे, तिचे काय? ती केली आहे हे खरे. परंतु तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात केसांच्या गुंफणीबरोबर सोने, मोती आणि भारी वस्त्रे यांचा उल्लेख एका दमात येतो. रोख संपत्तीच्या प्रदर्शनावर आहे. ज्या सभेत गुलाम आणि धनिक एकाच भाकरीचे वाटेकरी होत, तेथे मोत्यांची वेणी दुसऱ्याला लाजविणारी ठरली असती. करिंथकरांना लिहिताना तर पौल स्त्रीचे लांब केस हे तिचे भूषण मानतो. दोन-चार रुपयांच्या सुती दोऱ्याचे फूल कोणत्याही गरीब बहिणीला लाजवीत नाही. तेही तिला विणता येते.

उपासनेत स्त्रियांनी मस्तक झाकावे हा नियम १९१७ च्या धर्मविधिसंहितेत होता. म्हणून आपल्या आजी-पणजी लेशीच्या काठाचा ओढणीवजा रुमाल किंवा पदर डोक्यावर घेऊन मिस्साला येत, आणि तो काठ पुष्कळदा घरीच विणलेला असे. १९८३ च्या नव्या संहितेत तो नियम उरलेला नाही. रुमाल गेला, तरी वेदीवस्त्राच्या कडेची क्रोशाची लेस अनेक चर्चमध्ये आजही दिसते. ज्या हातांनी ती विणली त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.

हाताचे मोल

आता एक अशी गोष्ट सांगतो, जी तुळशीबागेत खरेदी करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. स्वेटर यंत्रावर विणता येतो, लेस यंत्रावर होते, फीत तर यंत्रावरच होते. परंतु खऱ्या क्रोशाचे काम हातानेच करावे लागते. यंत्रे करतात ती त्याची नक्कल. याचा अर्थ असा की, टोपलीत ढिगाने पडलेले क्रोशाचे प्रत्येक फूल, मग ते पुण्यात झालेले असो की परदेशात, कोणा माणसाने, बहुधा कोणा बाईने, एकेक फासा ओढून केलेले आहे. ते फारच स्वस्त असेल, तर तिला काय मिळाले असेल याचा हिशेब फार अवघड नाही.

नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी केला आणि १९८२ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना दिसले ते असे : या स्त्रिया दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणीत, त्यांची लेस परदेशी जाई, व्यापारी संपन्न होत. पण समाज आणि व्यापारी त्यांना कामगार मानतच नसत. ‘घरबसल्या फावल्या वेळात करतात’ या एका वाक्याने त्यांची मजुरी खाली राहत असे. २०२४ साली नरसापूरच्या लेशीला भौगोलिक मानांकन मिळाले ही आनंदाची बाब आहे. ज्या कलेने आयर्लंडमध्ये भुकेल्यांना जगविले, तीच कला दुसरीकडे स्वस्त मजुरीचे साधन झाली, हे मात्र ज्या मिशनांनी ती आणली त्यांच्या वारसांनी, म्हणजे आपणही, विसरू नये. परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा जो आग्रह धरला, तो कारखान्याच्या फाटकाशी संपत नाही. ओसरीवर बसून विणणाऱ्या बाईलाही तो लागू आहे.

प्रेषितांच्या कृत्यांत याफो येथील तबिथेची कथा आहे. ती वारली तेव्हा गावच्या विधवा रडत पेत्राभोवती जमल्या आणि तिने शिवून दिलेले अंगरखे त्याला दाखवू लागल्या. तिच्या पुण्याईची साक्ष म्हणून त्यांनी तिचे काम पुढे केले. हातकामाची याहून मोठी प्रशस्ती आम्हांला ठाऊक नाही.

आज काय करावे?

ज्या घरी मुलीला हे काम शिकायचे असेल, तेथे आरंभ साध्या वस्तूंनी करावा. पाच साखळ्या घालून त्यांचे कडे करावे. त्या कड्यात दोन साखळ्या, दोन खांब आणि पुन्हा दोन साखळ्या घालून दोरा कड्यातच मिटवला की एक पाकळी होते. अशा पाच पाकळ्यांचे फूल चापावर शिवून टाकावे. साध्या रबराच्या कड्याभोवती एकाशेजारी एक खांब घालून फेरी पुरी करावी, आणि पुढच्या फेरीत प्रत्येक खांबात तीन-तीन खांब घातले की आपोआप झालर पडते. पट्टी करायची असेल तर चार बोटे रुंदीच्या साखळीवर खांबांच्या ओळी चढवीत जावे आणि मागच्या बाजूस थोडे इलॅस्टिक जोडावे. लोकर उन्हाळ्यात डोक्याला घाम आणते. पुण्याच्या हवेत सुती दोराच बरा. सामान शेजारच्या रविवार पेठेत बोहरी आळीत मिळते.

शिकवायला घरात आजी असेल तर फारच उत्तम, कारण या निमित्ताने नात आणि आजी एका दोऱ्याशी तासभर बसतात आणि विणकामाबरोबर घराण्याच्या गोष्टीही नातीच्या कानांवर पडतात. मुलाने शिकायचे म्हटले तर त्यालाही हसू नये. गोंडे बांधणारे पटवेकरी पुरुषच होते. मात्र दोन गोष्टी पालकांनी सांभाळाव्यात. परीक्षेच्या पुस्तकाच्या जागी सुई देऊ नये. पुस्तकाच्या शेजारी द्यावी. आणि मुलीने मैत्रिणींसाठी किंवा धर्मग्रामाच्या जत्रेसाठी विणून दिले, तर ‘घरचेच आहे’ म्हणून फुकट घेऊ नये. दोऱ्याची किंमत आणि लागलेले तास तिला वहीत लिहायला सांगावे आणि त्याप्रमाणे पैसे द्यावेत. आपल्या श्रमाला मोल आहे हे ज्या मुलीला चौदाव्या वर्षी कळते, तिला पुढे कोणी सहजासहजी फसवू शकत नाही.

आमच्या धर्मग्रामातील महिला मंडळाने सुट्टीत असा वर्ग घ्यावा, अशी आमची इच्छा आहे. पहिल्या दिवशी सुई हाती देण्यापूर्वी मुलींना भिडे वाड्याची जागा दाखवून आणावी, एवढीच आमची सूचना आहे.